कोणी ओळखतं का?

३ मार्च

प्रिय मावशी,

खोली मिळाली. बरोबर एक मुलगी आहे, बेकरीत कामाला जाते. मी उठायच्या आत ती गेलेली असते आणि मी येते तेव्हा झोपलेली असते, त्यामुळे आमचं अजून भांडण झालेलं नाही. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तुझ्यासारखं खिडकीत बसून गल्लीचा कारभार बघण्याची सोय इथं नाही.

निघताना तू विचारलंस, नेमकं काम काय, आणि मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून विषय उडवला. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस, म्हणजे तुला राग आला होता. तर सांगते. लोक दिवसभर व्हिडिओ टाकत असतात. एखाद्याबद्दल कोणी तक्रार केली की तो आमच्यासमोर येतो. आपल्या भाषेतला असला की माझ्या टेबलावर. बघायचं आणि ठरवायचं, राहू द्यायचा की काढून टाकायचा. मांजरी, लग्नं, भांडणं, नाच. बसून काम आहे, ऊन नाही, धूळ नाही. आत काय बघितलं ते बाहेर बोलायचं नाही असं लिहून घेतलंय, म्हणून मी गप्प होते, दुसरं काही नाही.

एक सांगायचं होतं. मला फोनवर काही पाठवू नकोस. दारातच फोन कपाटात ठेवून आत जावं लागतं, आणि बाहेर आल्यावर तो हातात घ्यावासा वाटत नाही. दिवसभर डोळ्यांसमोर पडदाच असतो. पत्र लिही. तुझं अक्षर बघितलं की मला बरं वाटतं. हसू नकोस.

काठीशिवाय न्हाणीघरात जाऊ नकोस.

तुझी
ठमी

१६ मार्च

ठमे,

पोस्टमन तीन मजले चढून वर आला, धापा टाकत म्हणाला, “आजी, तुम्हाला अजून पत्र लिहिणारं कोणी आहे?” मी म्हटलं, आहे की, आणि ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो हसत हसत खाली गेला.

हसले मीही. आधी हौसेनं मला फोन घेऊन दिलास, बोटं धरून शिकवलंस, आणि मला जमायला लागलं तेव्हा तू म्हणतेस पत्र लिही. पण लिहिते. तुझ्या आईच्या माघारी तुझे सगळे हट्ट मीच पुरवलेत, हा एक आणखी.

खरं सांगू, हा फोन नसता तर मी या खोलीत वेडी झाले असते. कमरेचं हाड मोडल्यापासून जिना माझ्यासाठी संपला. तू होतीस तोवर निदान संध्याकाळी कोणीतरी दार वाजवायचं. आता सकाळी डोळे उघडले की गल्लीच्या ग्रुपवर पंधरा-वीस जणांनी ‘सुप्रभात मावशी’ केलेलं असतं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या दोन मैत्रिणी सापडल्या. एक तर आता आजारी आहे, बोलता येत नाही तिला, पण व्हिडिओवर मला बघून तिनं हात हलवला. आम्ही दोघी बोर्डावर शेजारी शेजारी बसायचो. मी तो हात बघून किती वेळ रडत होते. हे तुझ्या फोनमुळेच झालं.

आणि आता मोठी बातमी. वरच्या मजल्यावरचे मुख्याध्यापक हरवले होते. त्यांचं विसरणं आता फारच वाढलंय. दुपारी घरातल्या चपला घालून निघाले ते गेलेच. सून जिन्यात बसून रडायला लागली. मी त्यांना खिडकीतून जाताना पाहिलं होतं, आणि आदल्या आठवड्यात मैदानात उभे असताना त्यांचा एक फोटोही सहज काढून ठेवला होता. तो मी ग्रुपवर टाकला. लिहिलं, ‘आमचे मुख्याध्यापक. घर विसरतात. कोणी पाहिलंय का, कोणी ओळखतं का?’ लोकांनी तो पुढे पाठवला, त्यांनी आणखी पुढे. संध्याकाळ व्हायच्या आत औषधाच्या दुकानवाल्यानं त्यांना पार बस डेपोतून हात धरून आणलं.

सोसायटीच्या सेक्रेटरीनं ग्रुपवर काय लिहिलं माहीत आहे? ‘मावशी म्हणजे आपल्या गल्लीचे डोळे.’ त्यावर सगळ्यांचे अंगठे आणि फुलं, मोजून होईनात. अगं, सगळी नोकरी मी दोन माणसांना जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच केलं. ‘बोला’ म्हणायचं आणि आपण गप्प. पलीकडचा कधी नाव विचारायचा नाही. आता बघ.

जेवतेस ना वेळेवर?

मावशी

१८ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मुख्याध्यापक सापडले, फार बरं झालं. तुझ्या मैत्रिणीचं वाचून मलाही भरून आलं.

मागच्या पत्रात मी तुला मांजरी आणि लग्नं लिहिली. तीही असतात. पण त्यांच्याबद्दल तक्रार कोण करणार? ज्यांच्याबद्दल करतात तेच आमच्याकडे येतात, आणि ते काय असतात हे मी लिहिणार नाही. परवा टोमॅटो चिरायला सुरी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. नुसतीच पोळी खाल्ली. माझ्या शेजारी एक जण बसायचा, त्याला आम्ही चित्रकार म्हणायचो, कारण मधल्या वेळात तो कागदावर पानं-फुलं काढायचा. सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. त्याचा कप अजून टेबलावर आहे, कोणी उचलत नाही.

काळजी करू नकोस. चांगलंही होतं कधी कधी. आमच्याकडे एक बटण आहे, एखादी गोष्ट नुसती काढून टाकून भागणार नाही, पोलिसांपर्यंत किंवा डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी असं वाटलं तर ती वरच्या टेबलाकडे पाठवायची. गेल्या महिन्यात एका मुलीनं जीव द्यायला निघण्याआधी कॅमेऱ्यासमोर बसून निरोप घेतला होता. मी तो व्हिडिओ तसा वर पाठवला. दुसऱ्या दिवशी आमच्या टीम लीडरनं येऊन सांगितलं, लोक वेळेत पोहोचले, ती आहे. त्या दिवशी मी बेकरीवालीसाठी आईस्क्रीम घेऊन गेले आणि तिला झोपेतून उठवून खायला लावलं.

म्हणून एक सांगते, रागावू नकोस. लोकांचे फोटो टाकताना जरा जपून टाक. आपण एका कारणासाठी टाकतो, तो पुढे कुठे जातो आणि त्याखाली कोण काय लिहितं हे आपल्या हातात राहत नाही. मी रोज त्याचं शेवटचं टोक बघते.

ठमी

२० मे

ठमे,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले नाही, कारण तुझं शेवटचं वाचून जरा लागलं. मला शिकवायला निघालीस. फोनवर काय बोलावं आणि काय नाही, हे आम्हाला शिकवायला तेव्हा खास बाई यायच्या. किती जणांची किती गुपितं या कानांवरून गेली, पण एक शब्द कधी या तोंडातून बाहेर पडला नाही. असो.

हे काम तुला झेपत नसेल तर सोडून ये. माझ्या पेन्शनवर दोघींचं भागेल. सुरी हातात धरवत नाही म्हणजे काय? तुझी आई अशीच होती, मनाला लावून घ्यायची.

इकडे सगळं ठीक. कमरेचे व्यायाम फोनवर बघून करते, खुर्चीवरून उठताना आता कळ येत नाही. ग्रुपवर सध्या मुलं पळवणाऱ्या टोळीचं फार चाललंय. कुठून कुठून व्हिडिओ येतात. सेक्रेटरीनं सगळ्यांना डोळे उघडे ठेवायला सांगितलंय. परवा गल्लीत थोडी गडबड झाली. कोणी उपरा माणूस फिरत होता, लोकांनी हटकलं, बाचाबाची झाली, पोलिसांची गाडी येऊन गेली. आता शांत आहे.

कोरफड इतकी माजलीय की दोन रोपं वेगळी करून डब्यात लावली. तू आलीस की एक घेऊन जा. भिंतीसमोरच्या खिडकीतही ती जगेल.

कधी येतेस?

मावशी

२७ मे

मावशी,

तुझं पत्र यायच्या आधीच ती गडबड मी पाहिली होती.

सकाळचं काम होतं. व्हिडिओ आला, आपल्या भाषेतला, मारहाणीचा. असे रोजच येतात. निळ्या शर्टातला एक माणूस, चाळिशीचा. मागे लोखंडी फाटक होतं, त्याची एक सळई वाकलेली. ती सळई मी ओळखली, कारण लहानपणी तिच्यातून आत-बाहेर करताना माझं डोकं अडकलं होतं आणि तू तेल लावून सोडवलं होतंस. मग माणसं ओळखू यायला लागली. सेक्रेटरी पुढे होता, त्याच्या त्या पांढऱ्या बुटांत. मुख्याध्यापकांना हात धरून आणणारा औषधवाला होता. आणखी तिघे आहेत ज्यांना मी काका म्हणते. त्या माणसाच्या खांद्यावरची पिशवी पडली, तिच्यातून पाने आणि पकडी रस्त्यावर सांडल्या. तो वाकून त्या गोळा करायला गेला, तेव्हा त्याच्या हातावर कोणीतरी पाय दिला. नुसता ठेवला नाही, दिला.

मग ज्यानं हे चित्रण केलं त्यानं फोन वर केला. तिसरा मजला, डब्यातली कोरफड, आणि गजांमधून बाहेर काढलेला तुझा हात. तू काहीतरी म्हणत होतीस. तोंड हलताना दिसत होतं.

आमच्यातले बहुतेक जण आवाज बंद ठेवूनच बघतात. आवाज नसला की दिवस निभतो.

तो व्हिडिओ मी काढून टाकला. मारहाणीचे काढायचे असतात, तसा नियम आहे. मग मी उठून हात धुवायला गेले आणि टीम लीडर येऊन बघेपर्यंत धूतच राहिले.

तुझ्या पत्रात याच्या तीन ओळी आहेत आणि कोरफडीच्याही तीन. मावशी, तो माणूस कोण होता? त्याचं पुढे काय झालं? आणि तू काय म्हणत होतीस?

ठमी

९ जून

ठमे,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी जेवले नाही. मी तुझ्यापासून लपवलं ते तुला त्रास नको म्हणून. तू तिकडे आधीच सुरीला घाबरतेस.

सगळं सांगते, म्हणजे तुझा गैरसमज राहणार नाही. आदल्या दिवशी तो माणूस सकाळपासून मैदानापाशी होता. मुलांना जवळ बोलवायचा, फोन त्यांच्यासमोर धरायचा. मी खिडकीतून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. काय लिहिलं ते शब्दन् शब्द सांगते: ‘हा माणूस सकाळपासून मैदानापाशी आहे. मुलांना बोलावून मोबाईल दाखवतोय. कोणी ओळखतं का?’ यात एक अक्षर खोटं आहे का सांग. मुख्याध्यापकांच्या वेळी लिहिलं तसंच लिहिलं. तेव्हा मी गल्लीचे डोळे होते, आता मी गुन्हेगार?

‘मुलं पळवणारा’ हे मी लिहिलेलं नाही. ते कोणीतरी मागाहून जोडलं. रात्रीपर्यंत तो फोटो फिरून माझ्याकडेच परत आला, तर त्यावर लाल अक्षरं होती आणि कुठल्या तरी दुसऱ्याच शहराचं नाव होतं. मला क्षणभर वाटलं, हा दुसराच कोणी फोटो. मग माझी कोरफड दिसली कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि जे झालं ते तू पाहिलंस. तो फ्रिज दुरुस्त करणारा निघाला. नवीन बदली होऊन आला होता, बायकोला आणायच्या आधी खोली शोधत होता. फोनवर पत्ता होता, तो मुलांना विचारत होता. हे आम्हाला कसं कळणार? त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली म्हणतात, म्हणजे आहेत पण वळत नाहीत. कानानंही कमी ऐकू येतं.

मी काय म्हणत होते असं तू विचारलंस. ‘सोडा त्याला’ म्हणत होते. दुसरं काय म्हणणार? घसा फुटेस्तोवर ओरडत होते, सोडा त्याला, सोडा. खाली कोणाला ऐकू गेलं नाही त्याला मी काय करू. मला जिना उतरता आला असता तर मी स्वतः मध्ये पडले असते.

त्याची बायको आली होती. तेही तुला सांगून टाकते. गल्लीत घरोघर फिरत होती, शेवटी माझ्याकडे आली. दार लोटलेलंच असतं. साधी बाई, माझ्याहून बरीच लहान. मी बसा म्हटलं तर बसली नाही. आपल्या फोनवर तिनं तो फोटो काढला, लाल अक्षरांचा, आणि माझ्यासमोर धरला.

“हा वरून काढलाय,” म्हणाली. “या बाजूनं. तुम्हाला माहीत आहे का कोणी काढला?”

मी म्हटलं, “इथं सगळ्यांकडेच फोन आहेत, बाई.”

“भांडायला नाही आले. मारणाऱ्यांची तोंडं ज्याच्यात होती तो व्हिडिओ आता कुठंच नाही. आधी होता, मी स्वतः पाहिलाय, मग गेला. गल्लीत विचारलं तर प्रत्येकजण म्हणतो मी घरात होतो. ज्यानं फोटो काढला त्यानं पुढचंही बघितलं असेल, म्हणून विचारते.”

मी म्हटलं, मला या वयात इतक्या लांबचं दिसत नाही. तिनं पाणी मागितलं. मी काठी शोधायला लागले तर म्हणाली, राहू द्या, मी घेते. पाणी प्यायली, पेला धुऊन पालथा घातला. मग खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ खाली बघत उभी राहिली.

“इथून मैदान चांगलं दिसतं,” म्हणाली, आणि गेली.

ठमे, मला तेव्हापासून झोप नाही. आता तू एक कर. तू त्या कंपनीत आहेस, तू तो व्हिडिओ पाहिलाय. कोणी विचारलंच तर सांग, खिडकीतली बाई सोडा म्हणत होती. ओठांवरून कळतं की. एवढं तरी तू माझ्यासाठी करशील.

मावशी

२ जुलै

मावशी,

मी रजा काढून तिकडे येऊन गेले. गल्लीच्या टोकापर्यंत आले होते. मैदानाचं फाटक दिसलं, तुझी खिडकीही दिसली. वर आले नाही.

आधी दवाखान्यात गेले. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. मी कोण ते सांगितलं, म्हणजे मी कुठे काम करते ते. तुझी कोण ते नाही. तिनं मला आत नेलं. तो डाव्या हातानं चमचा धरायचा सराव करत होता. भात पुन्हा पुन्हा चादरीवर सांडत होता आणि तो शितं वेचून पुन्हा ताटात ठेवत होता. मी विचारलं, पत्ता मुलांनाच का विचारलात? त्याला नीट ऐकू आलं नाही, बायकोनं कानाशी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “मोठी माणसं थांबत नव्हती. सगळी फोनवर बोलत जात होती.”

मग मी पोलीस चौकीवर गेले. पाचही नावं सांगितली. अधिकारी चांगला होता, सगळं लिहून घेत होता.

“व्हिडिओ आहे?”

“नाही. काढून टाकला गेला.”

“कोणी काढला?”

“मी.”

त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, “तुम्ही शहराबाहेर होतात, घटना तुम्ही पडद्यावर पाहिली, आणि तो पडदा तुम्हीच पुसला. तुमच्या सांगण्यावर मी पाच माणसं कशी आत घालू?” कंपनीला पत्र लिहितो म्हणाला. त्यांचं उत्तर त्याच्या आधी मला आलं. आतलं बाहेर बोलल्याबद्दल नोकरी गेली. कपाटातून फोन घेतला, किल्ली परत केली. चित्रकाराचा कप मी घेऊन आले.

आता दोन गोष्टी लिहायच्या आहेत. त्या लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

पहिली माझी. मी तुला लिहिलं, मारहाणीचे व्हिडिओ काढायचा नियम आहे. तो आहे. पण ज्यात मारणाऱ्यांचे चेहरे दिसतात, जागा कळते, ते वरच्या टेबलाकडे पाठवायचे असतात, हाही नियम आहे. दुसरं बटण तिथेच होतं. त्या मुलीच्या वेळी मी ते दाबलं होतं. या वेळी नाही दाबलं. वर पाठवला असता तर आज तो पोलिसांकडे असता, आणि त्यात तूही असतीस. मी त्याला पुसलं नाही मावशी, तुला पुसलं. आणि त्याबरोबर त्याचं सगळंच गेलं.

दुसरी तुझी. आम्ही बहुतेक जण आवाज बंद ठेवून बघतो असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे. पण आपली खिडकी दिसली तेव्हा मी व्हिडिओ मागे नेला, आवाज चालू केला आणि पुन्हा पाहिला. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तू स्वतः सांगशील असं वाटलं होतं.

खिडकी पडद्यावर दिसायच्या कितीतरी आधीच, एवढ्या कल्लोळात तुझा आवाज वेगळा कळत होता. एक्स्चेंजमध्ये बोलायचीस तसा, शब्द सुटा सुटा. “हाच. निळ्या शर्टातला. जाऊ देऊ नका.”

तोपर्यंत ते नुसते त्याला घेरून उभे होते. धक्काबुक्की चालली होती, पण मारलं कोणी नव्हतं. तो पिशवीतून काहीतरी कागद काढून दाखवत होता. सेक्रेटरीनं मान वर करून तुझ्याकडे बघितलं, आणि मग पहिला फटका मारला.

तुझं नाव मी चौकीवर सांगितलेलं नाही. खिडकीतल्या बाईबद्दल त्यांनी विचारलं नाही. गल्लीतला, डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार पुरे, असं तो अधिकारी म्हणाला. तू काय ओरडलीस ते सांगू नकोस हवं तर. कोणी मारलं तेवढं सांग. तू पाचही जणांना ओळखतेस.

ते घरोघर विचारत तुझ्याकडेही येतील.

ठमी

१४ सप्टेंबर

ठमे,

अडीच महिने झाले. तू पुन्हा लिहिशील म्हणून वाट पाहिली. नाही लिहिलंस.

ते आले होते. तोच अधिकारी असावा, सावकाश बोलणारा, जिना चढून दमलेला. बरोबर सेक्रेटरीही वर आला, घर दाखवायला म्हणून, आणि दारात उभा राहिला. त्याच्या हातात माझी औषधांची पिशवी होती. दर महिन्याला तोच आणून देतो, औषधवाल्याकडून, तू गेल्यापासून. अधिकाऱ्यानं विचारलं, आजी, तुम्ही काही पाहिलंत का? मी म्हटलं, मला मोतीबिंदू आहे, एवढ्या वरून चेहरे कुठले दिसायला. त्यानं खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वही मिटली. सेक्रेटरीनं औषधं टेबलावर ठेवली. तीही मोजून, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी.

प्रकरण मिटलं असं ग्रुपवर आलं. खाली सगळ्यांनी हात जोडले. तो फ्रिजवाला आणि बायको गाव सोडून गेले. कुठे ते कोणाला माहीत नाही. कोणी विचारलंही नाही.

गल्लीत आता कॅमेरे बसवलेत. फाटकावर एक, आमच्या जिन्यात एक, औषधाच्या दुकानावर एक. सेक्रेटरीला घरबसल्या सगळं दिसतं. त्यामुळे मला आता कोणी काही विचारत नाही. परवा मी एक फोटो टाकला, रस्त्यावर नळ फुटला होता त्याचा. कोणाचं काही आलं नाही. संध्याकाळी एकानं लिहिलं, ‘दिसलंय मावशी, कॅमेऱ्यात आलंय.’

तू लिहितेस तसंच ओरडले असेन. तू ऐकलंयस, तेव्हा तसंच असणार. मला आता नीट आठवत नाही, आणि आठवायचा प्रयत्न मी करत नाही. एवढं आठवतं की मी बोलले आणि खालची सगळी माणसं थांबली. सगळ्यांनी माना वर केल्या. सगळी नोकरी मी दुसऱ्यांचे आवाज जोडण्यात घालवली ठमे, माझ्या आवाजावर कोणी कधी जागचं हललं नव्हतं. त्या वेळी मला काय वाटलं ते मी कोणाला सांगणार नाही, तुलाही नाही.

एक्स्चेंजमधली माझी ती मैत्रीण गेली. शेवटच्या दिवशी तिच्या मुलीनं फोन लावून दिला होता. मी बोलत होते, ती बघत होती. मग तिनं डोळे मिटले आणि मुलगी म्हणाली, झोपलीय, मावशी. नंतर कळलं.

तू स्पष्ट लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार की मी हा फोन आता बंद करून ठेवावा. मी ठेवणार नाही. तो ठेवला तर सकाळी उठल्यापासून मी कोणाशी बोलू? तू गल्लीच्या टोकापर्यंत येऊन परत गेलीस.

मावशी